आमच्या वन्सं आणि दोन चांगले रिपोर्ट

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मिळून जेवढा संशय असेल, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या माझ्या थोरल्या नणंदबाईंकडे आहे. उरलेला पोलीस ठाणं, तहसील कचेरी आणि बाजारपेठेतले सोनार यांना आपसांत वाटून घ्यावा लागतो. त्यांना मी 'वन्सं' म्हणते. हल्ली नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही, सगळ्या 'ताई' म्हणतात. मीही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तसं म्हणून पाहिलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "ताई तर मतं मागायला येणारीलाही म्हणतात. तिच्यात आणि माझ्यात काही फरक आहे की नाही?" तेव्हापासून वन्सं त्या वन्संच. मोखाडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी उभी हयात शिकवलं, निवृत्त झाल्यावर जव्हारला आमच्या मागच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं म्हणतात. मध्यस्थाने सांगितलं, मुलगा अगदी निर्व्यसनी आहे. वन्संनी विचारलं, "कशावरून?" मध्यस्थ चहाचा कप तसाच ठेवून उठला, तो पुन्हा आमच्या घराकडे फिरकला नाही.

'कशावरून?' हा वन्संचा श्वास आहे. दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हटलं, कशावरून? टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला, कशावरून? एसटीच्या डेपोत त्या आधी चौकशीच्या खिडकीत विचारतात की ही गाडी मोखाड्याला जाते ना. मग तेच कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, आणि सीटवर बसल्यावर शेजारच्या बाईला. गाडी मोखाड्याच्या स्टँडवर उभी राहिली की उतरण्याआधी खिडकीतून पानवाल्याला हाक मारतात, "अहो, हे मोखाडाच ना?" तो पानवाला त्यांचाच विद्यार्थी. तो दरवेळी हात जोडून सांगतो, "हो बाई, अजून तरी मोखाडाच." मग त्या उतरतात. एकदा शाळेत कुणी साहेब तपासणीला आले. जीपमधून उतरले, टोपी काढली, हसले. वन्संनी त्यांना ओळखपत्र मागितलं. ते जीपमध्ये राहिलं नव्हतं, मोखाड्याला राहिलं होतं. वन्संनी साहेबांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि ड्रायव्हर ओळखपत्र घेऊन परत येईपर्यंत वर्गाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. साहेबांनी शेऱ्यात 'शिस्त उत्तम' असं लिहिलं आणि त्यानंतर वन्संची बदली आणखी आतल्या गावात झाली.

पण आतल्या गावातही त्यांचा संशय कमी झाला नाही. पोरगं शाळेत आलं नाही आणि शेजारच्याने सांगितलं की त्याला ताप आहे, तर मधल्या सुट्टीत वन्सं डोंगर चढून त्याच्या पाड्यावर जायच्या. खोटं पकडायला म्हणून जायच्या. आणि ताप खरा निघाला की त्याच पोराला पाठुंगळीला मारून आरोग्य केंद्रापर्यंत उतरायच्या, वाटभर त्याला रागवत: "मग आधी का नाही सांगितलंस? मला कसं कळणार खरं आहे ते?" संशयापायी त्या जेवढ्या डोंगरवाटा चालल्या, तेवढं कुणी मायेपायी चाललं असेल असं मला वाटत नाही. मला बघायला आल्या तेव्हाही त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं, सुईत दोरा ओवून घेतला, अंगणात चार पावलं चालून दाखवायला लावलं, आणि शेवटी माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी चांगली दिसते. हेच मला खटकतंय." आई रात्रभर रडली. आठवड्याने होकार आला.

वन्संच्या या दुनियेत त्यांच्याशी बरोबरीने भांडणारी एकच बाई होती. यमुना. ती दाभोशाची. बाजाराच्या दिवशी पहाटेच्या जीपने जव्हारला यायची, डोक्यावर टोपली, आणि आमच्या दारात पहिली टेकायची. पावसाळ्यात रानभाज्या, भाताच्या दिवसांत काकड्या, उन्हाळ्यात करवंदं. तिच्या भाषेत 'तुम्ही' नावाचा शब्दच नव्हता. कलेक्टर आला असता तरी तिने त्याला 'तू' म्हटलं असतं. वन्सं काकडी हातात घेऊन विचारायच्या, "ही कडू नाही, कशावरून?" यमुना ती काकडी त्यांच्या हातातून काढून घ्यायची, टोकाचा कचकन घास तोडायची आणि उरलेली पुढे करायची. "खा. मेलीस तं मी हाय ना." वन्सं ती उष्टी काकडी मीठ लावून मन लावून खायच्या. जगातल्या कुठल्याही माणसाने दिलेला पुरावा त्यांनी इतक्या आनंदाने स्वीकारलेला मी पाहिला नाही.

मला गाठ लागली ती भाद्रपदात, अंघोळ करताना. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, साबणाचा हात फिरता फिरता थांबला. करवंदाएवढी असेल. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यानंतर रोज अंघोळीला वेळ लागायला लागला. यांना सांगितलं नाही. यांचं भांड्यांचं दुकान, सणासुदीचे दिवस, आणि सांगायचं तरी कुठल्या शब्दांत? आमच्याकडे त्या अवयवाला नवराबायकोतही धड नाव नसतं. पण वन्सं माणसाच्या हालचालीवरही संशय घेतात. एका दुपारी मी फडताळावरचा डबा काढताना डावा हात वर न्यायचा टाळला, उजव्याने काढला, आणि मागून आवाज आला, "काय लपवतेस?" मी म्हटलं, कुठे काय. त्या म्हणाल्या, "दार लाव आणि दाखव." मी दाखवलं. त्यांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांनी चाचपलं, जसं आंधळं माणूस नाणं ओळखतं, आणि मग ब्लाउजची बटणं त्यांनीच लावून दिली.

त्याच सुमारास गावात गाडी येणार असल्याची दवंडी फिरली. स्त्रियांच्या स्तनांच्या मोफत तपासणीची मोठी गाडी, आत यंत्र. रिक्षेवरच्या भोंग्यातला माणूस 'स्तन' या शब्दापाशी आला की आवाज बारीक करायचा आणि 'मोफत'पाशी पुन्हा मोठा. गाडी आली त्या दिवशी मैदानात गुलाबी फुगे, गुलाबी मंडप, आणि कापडी फलकांवर हसणारे पुढारी, सगळे पुरुष. उद्घाटक उशिरा आले, त्यांनी आईच्या महतीवर भाषण केलं, फीत कापली, गाडीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि गेले. तोवर पाड्यांवरून आलेल्या बायका पदरात तोंड लपवून उन्हात बसून होत्या. यमुनाही होती. ती काही तपासणीला आली नव्हती, टोपली घेऊन आमच्या दारात आली होती; वन्संनी टोपली ओट्यावर ठेवायला लावली आणि तिला दंडाला धरून आणलं. वाटेत विचारलं, तुला कुठे गाठबीठ आहे का? यमुना म्हणाली, "हाय ना एक. दुधाची हाय. धाकट्याच्या येळेपासून." धाकटा तेव्हा चौथीत होता.

मंडपात एका नर्सने आम्हाला हाताने तपासलं. माझ्या गाठीपाशी तिची बोटं थांबली, यमुनेच्याही. वन्सं पडद्याच्या फटीतून बघत होत्या. "लागली ना? मग?" नर्स बिचारी घामाघूम झालेली, बाहेर रांग, ती म्हणाली, "फोटोत कळेल, बाई." मग गाडीत चढलो. दोन थंड पाट्यांमध्ये छाती दाबून धरतात, श्वास रोखायला सांगतात, आणि खटका वाजतो. दुखतं, पण क्षणभरच. यमुना उतरली ती हसतच. "माजा तं पापडच केला," म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून बसलेल्या सगळ्या बायका पहिल्यांदा खळखळून हसल्या.

रिपोर्ट दिवाळीच्या तोंडावर आले. फोटो शहरात कुणी डॉक्टरने पाहिले होते. माझा चांगला, यमुनेचाही चांगला. संशयास्पद काही नाही. मी देवापुढे दिवा लावला, शिरा केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा यांना सगळं सांगितलं. संपलेल्या गोष्टीसारखं सांगितलं. हे म्हणाले, "सुटलो." वन्सं शिऱ्याची बशी हातात घेऊन उभ्याच होत्या.

"गाठ गेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आहे. पण रिपोर्ट चांगला आहे ना."

"फोटोत नाही आणि हाताला आहे. म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय. तुझी गाठ खोटी, कशावरून?"

हे चिडले. म्हणाले, अक्का, आता निदान डॉक्टरवर तरी विश्वास ठेव. वन्संनी शिरा न खाता बशी खाली ठेवली. बाजाराच्या दिवशी यमुना आली तेव्हा तिलाही त्यांनी तेच सांगितलं. यमुना रिपोर्टाची घडी पिशवीत जपून ठेवून आली होती. "कागूद चांगला हाय ना बाय? मंग आता काय करू त्याला?" वन्सं म्हणाल्या, कागद राहू दे, दिवाळी झाली की आपण तिघी नाशिकला जाऊ, तिथे नीट दाखवू. यमुनेने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तिनेही हलवली. "येन," म्हणाली.

दिवाळी झाली आणि वन्सं जीपने दाभोशाला तिला आणायला गेल्या. घराला काटेरी झापाचं दार ओढलेलं. शेजारचा म्हातारा खाटेवर बसला होता, त्याने हात उडवला. "जगायला गेलीं सगलीं." आमच्याकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर मजुरीला बाहेरगावी जाण्याला असंच म्हणतात. मुकादमाचा ट्रक आला आणि घरचं माणूस न् माणूस, कोंबड्यांसकट, भिवंडीच्या बाजूला गेलं. कुठल्या भट्टीवर, ते म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. यमुनेच्या नवऱ्याच्या फोनवर वन्संनी किती वेळा बोट दाबलं असेल देव जाणे. फोनमधली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. "हिचं तरी खरं, कशावरून?" म्हणत वन्सं पुन्हा लावायच्या.

शेवटी आम्ही दोघीच नाशिकला गेलो. मोखाड्यावरून, त्र्यंबकच्या घाटातून. तिथली फोटो काढणारी डॉक्टरीण वन्संच्या नातीच्या वयाची होती. वन्संनी तिला बसल्या बसल्या विचारलं, "तुमचं यंत्र त्या गाडीतल्या यंत्रापेक्षा शहाणं आहे, कशावरून?" मला वाटलं, आता ही आम्हाला हाकलणार. ती हसली. तिने माझा जुना फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. सगळं पांढरंफेक. "यांची छाती दाट आहे," ती म्हणाली. "पुष्कळ बायकांची असते, तो काही आजार नाही. पण दाट भाग फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. तुम्ही जव्हारच्या ना? पावसाळ्यात तुमच्याकडे धुकं असतं. त्यात पांढरी गाय शोधायची तर कशी सापडणार?"

"म्हणजे यंत्र निरुपयोगी?"

"नाही हो आजी. हाताला लागायच्या आधीच कितीतरी जणींचं याच यंत्रात सापडतं. ते करायलाच हवं. पण हाताला गाठ लागतेय आणि फोटोत दिसत नाही, तर फोटोवर थांबायचं नसतं. सोनोग्राफी करायची, आणि लागलं तर सुईने तुकडा काढून तपासायचा."

"आणि ते मोठं बोगद्यासारखं असतं ते?"

"एमआरआय. ते सगळ्यांना लागत नाही. घरात आईला, बहिणीला लहान वयात झालं असेल, किंवा आम्हालाच शंका उरली, तर."

वन्संनी खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या प्रश्नाला पुरतं उत्तर देत होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर मी स्वतः पाहिली ती. करड्या भातखाचरात एक काळा, वेडावाकडा दगड. डॉक्टरणीचं हसू थांबलं. मग जाड सुई, मग आठवडाभर वाट, मग तो शब्द. लवकर सापडलाय, असं त्या शब्दाच्या मागे लगेच जोडून सांगितलं डॉक्टरांनी, पण माझ्या कानात मागचं काही शिरलं नाही. वन्संच्या शिरलं. त्या म्हणाल्या, "लवकर, कशावरून?" आणि डॉक्टरने गाठीचं माप, काखेतल्या गाठींची तपासणी, सगळं त्यांना समजावून सांगितलं. छाती काढावी लागली नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला, मग वीज दिली, म्हणजे किरणांचा शेक. ते दिवस आम्ही नाशिकला एका खोलीत काढले. वन्सं माझ्यासाठी भाकऱ्या थापायच्या आणि वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला विचारायच्या, तुला काय सांगितलंय, कुणी सांगितलंय, कशावरून सांगितलंय. सुरुवातीला डॉक्टर त्यांना बघून वाट बदलायचे. निघताना एकाने वाकून नमस्कार केला. वन्संनी त्याला विचारलं, "हा खरा का?"

हसण्यासारखं इथपर्यंतच आहे.

सुई टोचून परत आल्यावर, वाट बघायच्या त्या आठवड्यात, वन्संनी भिवंडीला जाऊन भट्ट्या पालथ्या घालायचं ठरवलं होतं. जुनी पिशवी भरूनही ठेवली होती. पण माझा सुईचा रिपोर्ट आला, ऑपरेशन ठरलं, आणि ती पिशवी भिवंडीऐवजी नाशिकला आली. मी हे तेव्हा विसरले होते, कारण मरणाला भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याची आठवण राहत नाही. वन्सं विसरल्या नव्हत्या. वीज घेऊन मी खोलीत झोपलेली असायची आणि त्या गॅलरीत उभ्या राहून तो बंद फोन लावत असायच्या. कधीतरी लागला एकदा. नवऱ्याने उचलला. वन्संनी सांगितलं, यमुनेला घेऊन लगेच ये. तो म्हणाला, "मॅडम, अभी मालिक छोडता नाय. शिमग्याला येतूं." आणि पुढे, जणू त्यांचं समाधान व्हावं म्हणून, "तिचा रिपोर्ट चांगला हाय ना."

शिमग्याला ते आले. बाजाराचा दिवस होता, दुपार. यमुना दारात उभी राहिली ती टोपलीशिवाय. मी आत होते, वन्सं ओट्यावर बसलेल्या. यमुनेने इकडेतिकडे पाहिलं आणि पदर बाजूला केला. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली, आत ओढली गेलेली, आणि एका जागी फुटून पाणी झिरपत होतं. तिने त्यावर विटेच्या धुळीतलंच फडकं बांधलं होतं. वन्सं उठल्या, खाली बसल्या, पुन्हा उठल्या. यमुना त्यांना म्हणाली, आणि ती खरोखर विचारत होती, तक्रार करत नव्हती, "बाय, कागदात तं काय नव्हता. मंग ह्या कसा झाला?"

वन्संनी तिला त्याच दुपारी इथल्या दवाखान्यात नेलं. तिथे टेबलामागच्या माणसाने यमुनेने जपून आणलेला तो घडीचा कागद उघडला, वाचला आणि म्हणाला, "तपासणी झालेली आहे की. नॉर्मल आहे." यमुना समोर बसलेली, फडक्याचा वास खोलीभर. वन्सं आयुष्यभर साहेबांशी भांडल्या, पण त्या दिवशी त्यांनी फक्त यमुनेचा पदर बाजूला केला. तो माणूस उठून खिडकीपाशी गेला. मग चिठ्ठी मिळाली, मग गाडी, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, जिन्यांवर झोपलेली माणसं. आजार हाडांत गेला होता. तिथल्या डॉक्टरने विचारलं, इतके दिवस काय करत होता? नवरा म्हणाला, "जगायला गेलतो." डॉक्टरला ते समजलं नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत, सगळा पाडा गुडघाभर चिखलात असताना, यमुना तिच्या घरातच वारली. आम्हाला कळलं ते जीपवाल्याकडून, बाजाराच्या दिवशी तिची काही खबर आली नाही म्हणून विचारल्यावर.

मी वन्संना एकदाच म्हटलं, तुम्ही माझ्याजवळ राहिलात म्हणून मी वाचले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो. आणि तुझ्याजवळ राहिले म्हणून ती." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही नाही केलं. ते आमच्या घरात अजून तसंच अर्धं पडून आहे.

पुढच्या वर्षी गाडी परत आली. तेच फुगे, तेच फलक, फक्त पुढाऱ्यांपैकी एक चेहरा बदललेला. वन्सं घरून घडीची खुर्ची घेऊन गेल्या आणि गाडीच्या उतरायच्या पायरीपाशी मांडून बसल्या. उतरणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायच्या, "हाताला गाठ लागते का ग? लागत असेल तर कागदावर थांबू नकोस. माझ्याशी बोल." थोड्या वेळाने गुलाबी टी-शर्ट घातलेला एक तरुण आला.

"आजी, तुमची तपासणी झाली ना? मग इथे का बसलाय? बायका घाबरतात."

"मी एकच प्रश्न विचारते आहे."

"त्यासाठी मशीन आहे ना."

"मशीन मागच्या वर्षीही होतं."

"मागच्या वर्षी मी नव्हतो, आजी."

"आणि ती या वर्षी नाही," वन्सं म्हणाल्या.

त्याला काहीच कळलं नाही. कळण्यासारखं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याने खुर्ची उचलली, अदबीनेच उचलली, आणि मैदानाच्या फाटकाबाहेर नेऊन ठेवली. वन्सं फाटकाबाहेर बसल्या. ऊन कलेपर्यंत बसल्या. त्या दिवसापासून गाठ असलेल्या बायकांना घेऊन त्या नाशिकच्या गाडीत बसतात. बहुतेकींचं काही निघत नाही. गाठी साध्या असतात, पाण्याच्या असतात, आपोआप जातात. एका बाईचा नवरा तर दिवस बुडाला म्हणून आमच्या दारात येऊन ओरडून गेला. वन्संनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला काही नाही ना? मग ओरड अजून. ज्याची बायको आहे त्यालाच ओरडता येतं." तो खाली बघत निघून गेला. गावात काही लोक वन्संना आता 'गाठवाल्या बाई' म्हणतात. यांना ते लागतं. वन्संना लागत नाही, किंवा लागत असलं तरी त्या दाखवत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी दाभोशाला गेलो होतो. यमुनेची थोरली मुलगी सविता बाळंत होऊन माहेरी आली होती. बाळ झोळीत, सविता विशीतली, हसणं थेट आईचं. तिने कोरा चहा केला. वन्संनी तिला समजावून सांगितलं, अगदी शाळेत शिकवायच्या तशा: तुझ्या आईला हा आजार लवकर झाला, म्हणून तुला बाकीच्या बायकांपेक्षा आधी तपासणी सुरू करायची, आईच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, असं नाशिकच्या डॉक्टरणीने सांगितलंय. तोवर दर महिन्याला स्वतःचा हात फिरवायचा, आणि काही लागलं तर त्याच दिवशी यायचं. सविता ऐकत होती, झोळीची दोरी ओढत होती.

"मंग मी कवा येऊ?" तिने विचारलं.

वन्संनी बोटांवर हिशेब केला. बोटं मोजता मोजता मंदावली आणि थांबली. "अजून आठ वर्षांनी," त्या म्हणाल्या.

"तू येशील ना माज्या संगती?"

बाळ कुरकुरलं म्हणून सविता उठली, तिने उत्तराची वाट पाहिली नाही. वन्संचे गुडघे आता दोन पायऱ्यांवर बोलतात, आणि आठ वर्षांनी त्या ऐंशीच्या घरात असतील. सडकेवर येऊन आम्ही जीपची वाट बघत उभ्या राहिलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तेव्हा तू ने तिला."

माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. दर वर्षी फोटो, दर वर्षी सोनोग्राफी, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत रोज अंघोळीला लागणारा वेळ. आठ वर्षांचं मी कुणाला काय सांगणार? पण म्हटलं, "नेईन."

त्यांनी काही विचारलं नाही. जीप आली ती भरूनच आली. वन्संनी मला आधी आत चढवलं, पदर खोचला, आणि बाकीच्या माणसांचा धक्का लागू नये म्हणून माझ्या डाव्या हाताच्या बाजूला स्वतः बसल्या.